सर्वपित्रीची पाने

आधीच सांगते, माझे शुद्धलेखन चांगले नाही. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला शाळेतही कधी नीट कळले नाही, आणि चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. अक्षर त्याहून वाईट आहे. दिवसभर गिरणीत सूत गुंडाळून बोटांची पेरे चिरलेली असतात, टाक धरला की ठणकतात. ही वही चुकून कुणाच्या हाती पडलीच तर त्याने क्षमा करावी. मी ती कुणाला दाखवण्यासाठी लिहीत नाही. चार माणसांत बोलायचे म्हटले की लहानपणापासून माझी जीभ टाळूला चिकटते. एकदा जे बोलायला हवे होते ते मी बोलले नाही. तेवढे इथे लिहून ठेवते आहे.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी माझे यजमान गेले. गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते, खोकून खोकून गेले. लालबागेतल्या चाळीच्या एका खोलीत मी आणि माझ्या सासूबाई, अशा दोघीच मागे राहिलो. सासूबाई नात्याने माझ्या वडिलांच्या चुलत बहीण, म्हणून मी त्यांना आत्याबाईच म्हणत असे. त्यांना तो एकच मुलगा होता.

गाय घ्यायची कल्पना आत्याबाईंची. गिरगावात देवळांच्या दाराशी बायका गाय घेऊन बसतात, शेजारी गवताच्या पेंड्या ठेवतात. देवाला आलेली माणसे पैसा देऊन पेंडी घेतात आणि गाईला घालतात. पुण्य त्यांचे, पैसा बाईचा, आणि गाईचे पोट आयतेच भरते. "तुला कुणाशी बोलायला नको की काही नको," आत्याबाई म्हणाल्या. "गाय उभी राहील, तू बसून राहा."

पण गाय घ्यायला पैसे हवेत. ते आम्हाला मावशीने दिले. मावशी म्हणजे आमच्या चाळीत मासळी विकायला येणारी कोळीण. चाळीत सगळे तिला मावशीच म्हणत. आवाज असा की ती नाक्यावर ओरडली तरी आमच्या माळ्यावर मांजरे उठून बसत. आत्याबाईंनी तिच्याजवळ नुसता विषय काढला. तिने पाटी खाली ठेवली, कमरेची पिशवी चाचपली आणि म्हणाली, "तीस रुपये हायेत माज्याकडं. पोरीच्या लग्नाचे. लग्नाला अजून पाच-सा वरसं हायेत, तवर फेडा."

"आणि व्याज?" आत्याबाईंनी विचारले.

"व्याज काय करू? माज्या झोपडीत सारवायला शेण लागतं, ते देत जा." मग माझ्याकडे बघून हसत सुटली. "आयक गो बाय, गिरगावच्या भटणींना सांगू नको हां, गाय बोंबलाच्या पैशाची हाय म्हणून. न्हायतर आंघोळ घालतील तिला!"

मी नुसती हसले. मावशी म्हणाली, "ही हसली म्हंजे हिनं कागद लिवून दिला."

गाय कल्याणच्या बाजारातून आणली. पांढरट अंगाची, पाठीवर थोडी तपकिरी झाक, शिंगे आत वळलेली. आमच्या चाळीमागे एका म्हाताऱ्या गवळ्याचा म्हशींचा गोठा होता, तिथल्या एका कोपऱ्यात ती बांधत असू. त्याचे भाडे म्हणून मी रोज गोठ्यातले पाणी भरायची. गवळीबुवा तोंडाने कडक होते, पण गाय कशी राखावी ते त्यांनीच मला शिकवले. कान गार लागले तर काय, नाकाडावर ओल नसली तर काय, शेण पातळ कधी होते आणि गोळ्या कधी होतात. ते म्हणायचे, "पोरी, जनावर तोंडानं सांगत न्हाई. रवंथ करतंय का बघ. रवंथ चालू तर समदं चालू."

पहाटे मी तिला घेऊन निघे. चिंचपोकळी, भायखळा करत गिरगावात पोचेपर्यंत ऊन येई. इतर बायका "गाईला घास घाला हो" म्हणून हाक देत. मला ते कधी जमले नाही. पण गिऱ्हाइके गाय स्वतःच ओढून घ्यायची. कुणी जवळून गेले की मान लांब करून त्याचा हात चाटायची. मुले खिदळायची, थांबायची, मग त्यांच्या आया पैसा काढायच्या. दुपारी गर्दी ओसरली की ती बसून रवंथ करी. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, डोळे अर्धे मिटून. घास गिळला की क्षणभर थांबे, गळ्याखालून नवा गोळा वर येताना दिसे, आणि पुन्हा सुरू. मी तिच्या पाठीला टेकून बसत असे. माझ्या आयुष्यात त्यासारखे निवांत दुसरे काही झाले नाही.

पहिल्या वर्षी मावशीचे सहा रुपये फिटले.

दुसऱ्या वर्षी श्रावणाच्या अखेरीस गाईच्या तोंडातून लाळ गळू लागली. आधी मला वाटले, उन्हाने. मग तिचे तोंड मचमच वाजू लागले आणि दोरीसारखी लाळ गुडघ्यापर्यंत लोंबू लागली. ती पाय झटकी, पुढे टाकायला तयार नसे. गवळीबुवांनी लांबूनच बघितले आणि म्हणाले, "लाळ हाय. खुरकूत. सोड तिला हितनं."

मी तशीच उभी राहिले.

"ऐकू येतं का? माझ्या बारा म्हशी हायेत. त्यांना लागलं तर मी कटोरा घेऊन बसू का तुझ्या शेजारी देवळात?"

मी तिला सोडले. चाळीच्या मागल्या भिंतीला जुने पत्रे टेकवून आडोसा केला आणि तिथे बांधली. बुवा रागावले होते तरी भिंतीपलीकडून ओरडून सांगत होते, तुरटीच्या पाण्याने तोंड धू, टाकणखार मधात कालवून लाव, खुरांना डांबर लाव, पाय चिखलात ठेवू नको. मी बोटाला चिंधी गुंडाळून तिच्या तोंडात हात घालायची. जिभेची साल अशी सुटून आली होती की खाली लाल मांस दिसे. हिरड्यांवरही फोड फुटलेले. हात लागला की ती थरथरायची, पण तिने मला कधी मारले नाही. गवत पुढे ठेवले की हुंगायची, उचलायची आणि टाकून द्यायची. भुकेली असे, आणि खाता येत नसे. तिच्या बरगड्या मोजता येतील इतक्या वर आल्या.

महिनाभर आम्ही गिरगावात गेलो नाही. लाळ गळणाऱ्या गाईला घास कोण घालणार? गणपती आले आणि गेले. देवळाच्या कमाईचे तेच दिवस, ते तसेच गेले. मावशी पाटी घेऊन यायची आणि आधी मागे जाऊन गाईला बघायची.

"कशी हाय माजी गाय?"

"बरी आहे," मी म्हणे.

"ही बरी? मग आजारी कशी दिसंल? हिच्यापरीस माजं सुकं बोंबील जाड हायेत." मग कमरेवर हात ठेवून थोडी उभी राहायची. पैशांबद्दल ती कधी बोलली नाही. पण त्या दिवसांत तिच्या मुलीला मागणी आली होती हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होते. पाच-सहा वर्षे म्हणाली होती, ती दीडच झाली होती.

पितृपक्षाच्या शेवटी शेवटी गाईची लाळ थांबली. जीभ भरून येत होती. मी कोवळे गवत बारीक चिरून दिले तर तिने चार घास खाल्ले. मला रडू आले. आत्याबाई म्हणाल्या, "उद्या सर्वपित्री अमावास्या. उद्या जायलाच हवं. वर्षाची कमाई एका दिवसात होते."

त्या म्हणाल्या ते खरेच होते. सर्वपित्रीला गिरगावात घरोघर श्राद्ध असते. पितरांचे पान वाढतात, एक कावळ्याला, एक गाईला. गाईने खाल्ले नाही तर पितर उपाशी गेले असे मानतात. त्या दिवशी गाई कमी आणि पाने फार. पैशाच्या जागी आणा मिळतो, कुणी दोन आणेही देते.

मी तिला हळूहळू चालवत नेले. पहिल्याच वाडीत आम्हाला बोलावून घेतले. अंगणात केळीच्या पानावर भात, वरण, तांदळाची खीर, उडदाचे वडे, पुरण, अळूची भाजी असे सगळे मांडले होते. गाईने मान खाली घातली आणि ती खाऊ लागली. सगळे मऊ होते. तोंडाला कुठे टोचत नव्हते. महिनाभराची भूक होती. जीभ फिरवून फिरवून ती पान पुसून घेत होती आणि मी उभी राहून बघत होते. इतकी हरखून गेले की हे आपण काय होऊ देतो आहोत हे माझ्या मनातही आले नाही. गवत खाणाऱ्या जनावराला एकदम इतके शिजलेले धान्य घालू नये, एवढे गवळीबुवांनी मला शिकवले होते. ते मला माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही.

दुसरे पान, तिसरे पान. एका घरातल्या काकू हसत म्हणाल्या, "सगळं खाऊ दे गं तिला. आमच्या मामंजींचं जिवंतपणी कधी एका पानावर भागलं नाही, आता कुठं भागणार!"

पाचव्या-सहाव्या घरी ती थांबली. पानाकडे बघत उभी राहिली. मला धीर करून म्हणावे लागले, "तिचं तोंड आलं होतं हो. थोडंच..."

"काय? मोठ्यानं बोल की. तोंड तिचं आलंय की तुझं?" त्या घरची बाई म्हणाली. आतल्या बायका हसल्या. मग तिने शेजारच्या बिऱ्हाडाकडे बघितले आणि तिचा आवाज चढला. "शेजारच्यांकडचं चाटूनपुसून खाल्लं आणि आमचं नको? त्यांची माणसं तेवढी पितर, आमची काय वाटसरू?"

 मी वाकून घास हातात घेतला आणि गाईच्या ओठाशी धरला. माझा हात ओळखीचा होता म्हणून तिने तोंड उघडले. ती बाई खूश झाली. दोन आणे दिले.

नंतर किती घरे झाली ते मी मोजले नाही. कुठेही मला नाही म्हणता आले नाही. प्रत्येक घरात कुणीतरी गेलेले होते आणि कुणीतरी दारात हात जोडून उभे होते. "माझी दोन वर्षांची पोर गेली हो, तिची खीर आहे," असे एकीने सांगितले, तेव्हा त्या माउलीला काय सांगायचे? तिथेही मी हातानेच भरवले.

परतताना गाय भायखळ्याला दोनदा थांबली. डावी कूस वर आली होती. मला वाटले, पोट भरले आहे, किती दिवसांनी भरले आहे.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. आत्याबाई पत्र्याच्या आडोशाशी वाट बघत उभ्या होत्या. त्यांच्या हातात पान होते.

आमच्या घरात श्राद्ध करणारे कुणी नव्हते. भटजीला द्यायला पैसे नव्हते. पण आत्याबाईंनी दिवसभर उपास करून मुलासाठी एक पान रांधले होते. भात, भोपळ्याची भाजी, दोन वडे आणि गुळाची खीर. खीर यजमानांना आवडायची म्हणून. पदराने झाकून ते त्यांनी किती वेळ धरले होते कोण जाणे. त्यांनी पान गाईपुढे ठेवले. गाईने मान फिरवली.

"खा गं बाई," आत्याबाई म्हणाल्या.

तिने पुन्हा मान फिरवली. आत्याबाई दुसऱ्या बाजूला गेल्या. तिथेही तेच. मग त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "साऱ्या गिरगावाचं खाल्लंस. माझ्या एकटीच्याच लेकाला उपाशी ठेवतेस?"

त्या रडू लागल्या. यजमान गेले तेव्हाही मी त्यांना असे रडताना बघितले नव्हते. मी काय करायला हवे होते? म्हणायला हवे होते की आत्याबाई, हिचे पोट फुगले आहे, हिने आता एक घासही खाता कामा नये. एवढे एक वाक्य. मी ते बोलले नाही. मी गाईचा जबडा धरला, जिभेच्या कडेने बोटे घातली आणि भाताचे गोळे करून एकेक आत सारले. तिने गिळले. सारे पान मी तसे संपवले. खीरसुद्धा पसापसाने घातली. आत्याबाईंनी गाईच्या पायांवर डोके ठेवले.

सकाळी गाय उठली नव्हती. उठवली तर उभी राहिली, पण चारी पाय फाकून. डावी कूस फुगून पाठीच्या वर गेली होती. वर टिचकी मारली तर नगाऱ्यासारखी वाजे. दात कराकरा चावत होती. नाकाड कोरडे, श्वास आंबूस. रवंथ नाही. मी तिच्या गळ्याखाली हात धरून कितीतरी वेळ वाट बघितली, गोळा काही वर आला नाही.

आत्याबाई गवळीबुवांना घेऊन आल्या. लाळ ओसरली होती म्हणून ते या वेळी जवळ आले. कान बघितले, कुशीवर हात दाबला.

"काय खाल्लं काल हिनं?" त्यांनी मला विचारले.

आत्याबाई थोड्या दूर उभ्या होत्या, आमचे बोलणे त्यांना ऐकू जात नव्हते. त्यांचे डोळे सुजले होते, पण चेहऱ्यावर एक शांतपणा होता. मुलगा जेवून गेला म्हणून होता तो. मी खरे सांगितले असते तर शेवटचे पान कुणाचे हेही निघाले असते.

"गवत," मी म्हणाले.

"निस्तं गवत?"

"हो."

कुणाशी न बोलणारी मी, आणि बोलले ते हे.

"मग वारा धरलाय," बुवा मोठ्याने म्हणाले. "इतके दिवस पोट रिकामं, वारा धरणारच. तेल-हिंग पाज. आन् अंगात ताकद न्हाई हिच्या. तांदळाची घट्ट पेज करा, मीठ घालून, नळीनं पाजू."

आत्याबाई लगबगीने पेज करायला गेल्या. मी चुलीपाशी गेले. तांदूळ शिजताना बघत होते. आता तरी बोल, आता तरी, असे मनात चालले होते. आत्याबाई म्हणाल्या, "बघत काय बसलीस? फुंकर घाल." मी फुंकर घातली.

बुवांनी बांबूची नळी तिच्या गालात घातली आणि मान वर करून मी धरली. माझ्याच हातांनी धरली. तांब्यामागून तांब्या पेज गेली.

थोड्या वेळाने मावशी आली. पाटी तशीच डोक्यावर. बघताच म्हणाली, "आगं आयो! हिला परलच्या जनावरांच्या दवाखान्यात न्या की! बसलात काय आरती ओवाळत?"

"चालंल का ती?" बुवा म्हणाले.

"मंग हातगाडी आणा!"

"गाय हाय ती मावशे, पापलेट न्हाई."

हातगाडी शोधायला कुणी गेलेही. पण ऊन डोक्यावर आले तेव्हा गाय खाली बसली आणि एका अंगावर कलली. जीभ बाहेर आली. त्या जिभेवर नवी कातडी आली होती, फिकी गुलाबी. श्वास घेताना ती कण्हत होती. बुवांनी एकदा आमच्याकडे बघितले, "बायांनो, तिकडं तोंड करा," म्हणाले, आणि कमरेची सुरी काढून डाव्या कुशीत खुपसली.

मी तोंड फिरवले नाही. वारा थोडाच आला. त्यामागून आंबलेला फेस आला, आणि फेसातून भाताची शिते, आणि मग उडदाच्या वड्याचा एक तुकडा. आमच्या वड्यांत आत्याबाई मिरे घालत. तुकड्यात काळा मिरा दिसत होता.

बुवांनी तो बघितला. मग माझ्याकडे बघितले. आत्याबाई पाठमोऱ्या होत्या, हात जोडून पुटपुटत होत्या. बुवांनी पायाने तो तुकडा शेणात सारला आणि वर मूठभर पेंढा टाकला.

गाय आणखी थोडा वेळ होती. मी तिचे डोके मांडीवर घेतले होते. शेवटी तिने माझा हात चाटला असे लिहावेसे वाटते, पण तसे काही झाले नाही. तिचे डोळे माझ्याकडे नव्हतेच.

तिला गाडीवर घालून नेले तेव्हा बुवा माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाले, "सकाळी बोलली असतीस तर पेज पाजली नसती मी, पोरी." त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मी गोठ्यात पाणी भरायला जात राहिले. आता भाडे नव्हते, तरी जात राहिले. त्यांनीही येऊ नको असे म्हटले नाही.

आत्याबाईंनी चाळीत सगळ्यांना सांगितले. माझ्या लेकाचे पान खाल्ले आणि त्याच्यामागे गेली. त्याला वर दूध मिळावे म्हणून गेली. सांगताना त्यांचा आवाज भरून येई, पण त्यात सुखही असे. बायका ऐकून हात जोडत. मी शेजारी बसलेली असे. दरवेळी ते ऐकताना माझ्या बोटांना तो भात लागलेला वाटे, आणि जिभेच्या कडेचा तो कोमट मऊपणा. अजून वाटतो. जेवायला बसले की पहिला घास कालवताना वाटतो.

मावशीचे चोवीस रुपये राहिले होते. तिच्या मुलीचे लग्न त्या वर्षी झाले नाही. मागणी आली होती ती दुसरीकडे गेली. मावशी आम्हाला लावून काही बोलली नाही. उलट म्हणाली, "बरं झालं गो, पोरगा तिरळाच व्हता." मग वळून जोरात ओरडली, "ताजी कोलंबीऽऽ," आणि जिना उतरून गेली. मला त्या दिवशी तिच्यापुढे जमिनीत गडप व्हावेसे वाटले. तिला वाटत होते की देवाने गाय नेली. देवावर तिचा राग नव्हता. माझ्यावर असता.

मी गिरणीत रिळाच्या खात्यात लागले. बायकांना तिथे कामाच्या मानाने पैसे देतात. पगार झाला की भाडे आणि तांदूळ काढून जे उरे ते मावशीला. कधी रुपया, कधी आठ आणे. कधी चार आणे देताना मान वर होत नसे. मावशी न मोजता कमरेला लावी. व्याज म्हणून द्यायचे शेण आता नव्हते, म्हणून मी एकदा गवळीबुवांकडून पाटीभर शेण घेऊन तिच्या घरी पोचवले. तिने ते परत पाठवले. "म्हशीचं नको," म्हणाली.

मग गाठीच्या तापाची, प्लेगची, साथ आली. चाळीतली अर्धी माणसे कोकणात पळाली. गिरणीत सुताचे सांचे बंद पडले. मावशी आपल्या माणसांना घेऊन खाडीपलीकडे गेली. आत्याबाई त्या तापात गेल्या. ताप चढल्याच्या दुसऱ्या दिवशी, शुद्ध हरपायच्या आधी म्हणाल्या, "माझं पान कोण घालणार गं? गाय तर नाही." मी म्हणाले, "मी घालीन." त्यांनी विचारले, "तुला हाताने भरवता येतं ना? तू तेव्हा छान भरवलंस." मी हो म्हणाले. माझे त्यांच्याशी झालेले शेवटचे बोलणे ते.

साथीच्या त्या दोन वर्षांत मला एकटीला जे सुटले ते मी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवत गेले. मावशी परत येईल की नाही ठाऊक नव्हते. कुठे विचारायचे तेही ठाऊक नव्हते. येईल तेव्हा पैसे द्यायचे आणि पैसे दिले की सगळे सांगायचे, असे मी ठरवले होते. कर्ज अंगावर असताना सांगितले तर पैसे बुडवायला बघते असे तिला वाटेल. फिटल्यावर सांगावे, मग तिने थोबाडीत दिली तरी चालेल.

गेल्या महिन्यात ती लालबागच्या नाक्यावर दिसली. केस पांढरे झाले होते. आवाज तसाच होता. मुलीला दोन पोरे झाली होती, त्यातल्या थोरल्याला पुढे बसवून ती मासे नीट करत होती.

"आगं, तू जिती हायेस?" ती म्हणाली. "बस, बस. म्हातारी कशी हाय?"

मी सांगितले.  मग कोयती बाजूला ठेवून तिने हात पुसले. मी तुकडा सोडून तिच्यापुढे धरला. शेवटचे साडेपाच रुपये होते, त्यात पुष्कळसे आणे आणि पैसे. या वेळी तिने मोजले. एकेक नाणे पाटीच्या कडेवर मांडले. मी समोर बसून बघत होते आणि सांगायची वाक्ये मनात जुळवत होते. मावशी, ती गाय देवाने नेली नाही. गवत खाल्ले म्हणाले ते खोटे होते. एवढी दोनच वाक्ये होती. मी ती गिरणीत रिळे गुंडाळताना हजारदा म्हटली होती.

"बरोबर हाय," मावशी म्हणाली. "तीसच्या तीस फिटले. आता काय देणं न्हाय, घेणं न्हाय." आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "काय गो, काय बोलतेस?"

दोन गिऱ्हाइके आली होती. एक बाई बांगड्याचा भाव विचारत होती. मी म्हणाले, "काही नाही."

मावशीने नाणी गोळा करून कमरेच्या पिशवीत टाकली आणि पिशवीचे तोंड बांधले. पैसे पूर्ण फिटले.